खुर्चीच्या पायावरची रेघ

कुमुदताई, तुमची खुर्ची आज सकाळीच गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. थंडीतलं ऊन तिला मानवतं, असं तुम्हीच म्हणायचात. कागदाच्या दोरीची बैठक रात्रीच्या दवाने जरा सैलावते आणि ऊन लागलं की पुन्हा ताणून घेते, आळोखेपिळोखे दिल्यासारखी बारीक करकरते. मी जिन्यात उभी राहून ती करकर ऐकत होते. क्षणभर वाटलं, तुम्हीच बसलाय आणि चष्मा शोधताय. मी वर जाऊन विचारणारही होते, चहा टाकू का म्हणून.

मग आठवलं.

मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. असलं काही लिहायची मला सवय नाही. इथल्या मराठी मंडळाचे लोक म्हणाले, ताईंवर चार शब्द लिही, शोकसभेत वाचू. मी म्हटलं, ताईंवर नाही जमणार, ताईंना लिहू का? ते म्हणाले, कसंही लिही. तुमची नोकरी, तुमचा मान, तुमची मंडळातली वर्षं, ते सगळं दुसरं कुणीतरी वाचेलच. मला एवढंच सांगायचंय की नईमभाई उत्तर मागतायत. मंडळाच्या वाचनालयाच्या खुर्च्यांचे पाय रंधा मारून तयार आहेत आणि रोज फोन करून ते विचारतात, "दीदी, लंबे रखूँ कि छोटे?" आपलं हे भांडण अर्धं राहिलंय, ताई. आणि अर्धं भांडण एकट्या माणसाला संपवता येत नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा काय म्हणालात, आठवतंय? कारखान्याच्या टाउनशिपमधल्या एका क्वार्टरच्या अंगणात मी कुणाची तरी बाज विणत होते. भोपाळला येऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. आमच्या ह्यांना गोविंदपुऱ्यात काम लागलं म्हणून परभणीकडचं गाव सोडून आलो होतो. इथे सगळंच रुंद होतं. रस्ते रुंद, चिंचेच्या सावल्या रुंद, भोंगा वाजला की सायकलींचा लोंढासुद्धा रुंद. मी मात्र आक्रसून गेले होते. मनातल्या मनात हिंदी वाक्य जुळवेपर्यंत भाजीवाला पुढच्या गल्लीत गेलेला असायचा. येत होतं ते एकच, वडलांकडून शिकलेलं बाजा विणणं. ते हिंदीत वेगळं असत नाही.

तर तुम्ही मागून आलात आणि ना ओळख ना पाळख, विचारलंत, "पीळ उजवीकडे देतेस की डावीकडे?"

माझ्या हातून दोरीच सुटली. "मी मराठी आहे हे कसं कळलं हो तुम्हाला?"

"दोरीला शिव्या मराठीत देत होतीस."

त्या दिवशी मी तुमच्या घरी आले, आनंद नगरला, आणि ती खुर्ची पाहिली. खरं सांगू? मला ती आवडली नव्हती. अंगावर एक नक्षी नाही. पाठ म्हणजे वाफेवर वाकवलेली एकच फळी. आणि हात अर्धेच. कोपरापर्यंत यायचे आणि तिथेच थांबायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडावं आणि विचार बदलावा तसे. चारही पायांना काळी रबरी बुचं. बैठकीच्या जागी प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर उशी. तुम्ही ते सगळं उचललंत आणि कडेला अडकून राहिलेला जुन्या विणीचा एक गुंता दाखवलात. मी तो बोटांत चोळला आणि दचकले.

"ताई, हा कागद आहे!"

"हो. कागदाची दोरी."

"कागदावर माणूस बसतो?"

"डेन्मार्कमध्ये बसतो."

डेन्मार्क कुठे आलं ते मी विचारलं नाही. तुम्हीच सांगितलंत, पुढे कितीतरी दुपारी, तुकड्यातुकड्याने. कारखाना नवा होता तेव्हा तिकडचा एक इंजिनियर यंत्र बसवायला आला होता आणि येताना घरची खुर्ची घेऊन आला होता. गेस्ट हाउसच्या खुर्चीत त्याला झोप लागायची नाही म्हणे. तुम्ही तेव्हा पुण्याहून नव्याने आलेल्या, ड्रॉइंग ऑफिसात बसून साहेबांच्या पेन्सिलीच्या रेघांवर शाईची रेघ ओढायचात. त्याची सगळी ड्रॉइंग तुम्ही उतरवलीत. जाताना तो खुर्ची तुम्हालाच देऊन गेला. त्याच्या काकांच्या छोट्याशा सुतारखान्यात ती बनायची. पुढे तो सुतारखाना बंद पडला आणि खुर्ची तिकडेही सगळे विसरले. "आता आपल्याइतकं तिला ओळखणारं जगात कुणी नाही," तुम्ही म्हणालात. आणि मग, जरा लाजल्यासारखं: "मला हिच्यासारखी दुसरी करायची आहे, कांता. एकटी राहून कंटाळलीये ती."

एकटी राहून कोण कंटाळलं होतं ते मला कळलं होतं, ताई.

त्या दिवसांचा मला अजून नीट हिशोब लागत नाही. आठवतात ते सगळे उन्हाचेच दिवस. तुम्ही फरशीवर मोठा कागद पसरून खुर्ची खरी आहे तेवढी काढायला बसलात. मी स्वयंपाकघरातून यायचे तर जमिनीवर खुर्चीची सावली पडलेली दिसायची आणि खुर्ची मात्र कोपऱ्यात. मी त्या कागदावरून कधी पाय टाकून गेले नाही, वळसा घालून जायचे. तुम्ही हसायचात. "अगं, शाई वाळलीये."

कागदाच्या दोरीचं कोडं मात्र सुटत नव्हतं. सुतळी विणून पाहिली, ती टोचायची. सुती दोरी झोळ द्यायची. मग एकदा आमचे हे डबा बांधायला कामावरून एक तपकिरी पट्टी घेऊन आले. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याला गुंडाळतात तो कागद. मी ती सहज ओढली. तुटेना. दोन्ही हातांनी ओढली. तुटेना. तशीच चपला न घालता तुमच्याकडे निघाले आणि अर्ध्या रस्त्यात पाय भाजायला लागले तेव्हा कळलं. पट्ट्या किंचित दमट करायच्या आणि वडलांसारखा सावकाश पीळ द्यायचा. ते म्हणायचे, पीळ घाईने दिला की दोरी रागीट होते. दर बाजाराला ते विणलेल्या बाजा बैलगाडीत रचायचे आणि मला मागच्या बाजूला बसवायचे. हे मी तुम्हाला पीळ देता देता सांगितलं होतं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे इथला कागद, तिथला पीळ."

आणि नईमभाई! तुमचा कागद गोविंदपुऱ्यातल्या त्यांच्या दुकानात उलगडला तेव्हा त्यांनी मान एका बाजूला टाकली, मग दुसऱ्या.

"को खाँ, ये कुर्सी है कि मोढ़ा? इत्ती नीची? विलायत में लोग इत्ते ठिगने होते हैं क्या, आपा?"

तुम्ही गप्प बसणार थोड्याच. "वहाँ ठंड होती है, नईमभाई. लोग अंगीठी के पास बैठते हैं. अंगीठी नीची, तो कुर्सी नीची."

"हाँ, ये बात है," असं म्हणून ते मला ऐकू जाईल इतक्या हळू पुटपुटले, "पढ़े-लिखे का जवाब तैयार रहता है."

शेकोटीचं आपल्याला सगळ्यांनाच इतकं पटलं की पुढे मी लोकांना ते रंगवून सांगायला लागले. पहिली खुर्ची झाली, दुसरी झाली. बायकांना तर ती फारच आवडली. शेजारच्या काकू तिच्यावर मटार सोलायला बसायच्या आणि उठायचं नाव घ्यायच्या नाहीत. मंडळाच्या बैठकीत तुम्ही ती घेऊन गेलात, वाचनालयात अशाच खुर्च्या हव्यात म्हणून. अध्यक्ष म्हणाले, "कुमुदताई, खुर्ची डेन्मार्कची, कागद भोपाळचा, सुतार भोपाळचा. यात मराठी काय आहे?" तुम्ही म्हणालात, "आमचं भांडण." सगळे हसले आणि ठराव पास झाला.

तेव्हा आपलं खरं भांडण सुरूही झालं नव्हतं.

ते सुरू झालं त्या फोटोने. तुमच्या भाचीने परदेशात कुणाला कुणाला विचारून जुन्या मासिकातला एक फोटो मिळवला आणि तुमच्या फोनवर पाठवला. तीच खुर्ची. तेच अर्धे हात, तीच वाकलेली फळी. पण उंच! लांब, सडसडीत पायांची. आपल्या खुर्च्या तिच्यासमोर मांडी घालून बसल्यासारख्या दिसत होत्या. तुम्ही फोन जवळ धरला, लांब धरला. म्हणालात, "फोटो तिरका काढलाय." मीही लगेच म्हटलं, "तिरकाच असणार." नईमभाईंनी फोटो पाहिला आणि तुमची जुनी खुर्ची उलटी केली. पायांची रबरी बुचं एकेक करून उपसली. ती इतकी चिकटली होती की सुटताना प्रत्येक बूच बाटलीसारखं वाजलं.

"आपा. ये तो कटी हुई है."

चारही पायांखाली करवतीच्या खुणा. घाईघाईने, जरा वाकड्याच. चारी चार तऱ्हेने तिरक्या.

तुम्ही बराच वेळ त्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिलात. मला वाटलं, रागावलात. मग तुम्ही बोलायला लागलात, पण आमच्याशी नाही. तुमच्या आई. वडील गेल्यावर तुम्ही त्यांना पुण्याहून इथे आणलंत. त्या ठेंगण्या होत्या. या खुर्चीत बसल्या की पाय लोंबकळायचे. "कुमे, ही खुर्ची आहे का झोपाळा? पडेन की काय अशी बसते मी," म्हणायच्या. इथलं काहीच त्यांना मानवत नव्हतं. पाणी नाही, भाषा नाही, पोह्यांबरोबर जिलेबी तर मुळीच नाही. आणि मग एक दिवस तुम्ही ऑफिसातून आलात तर त्या खुर्चीत निवांत बसलेल्या. पाय जमिनीला टेकलेले. शेंगा सोलत होत्या.

"मला वाटलं," तुम्ही म्हणालात, "आईला भोपाळची सवय झाली."

कुणाला तरी बोलावून त्यांनी मधल्या मधे पाय कापून घेतले होते आणि वर बुचं बसवली होती. तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हीही कधी खाली वाकून पाहिलं नाही. "खुर्ची मला उंच आठवायची," तुम्ही म्हणालात. "पण मला वाटायचं, तेव्हा सगळंच उंच वाटत होतं."

नईमभाईंनी एकही चेष्टा केली नाही. बुचं ओळीने मांडून ठेवली. मग म्हणाले, "और वो अंगीठी?" आणि तुम्ही इतक्या हसलात, ताई, इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढे ते पाणी थांबेना. तेव्हा मी कुकर लावायचं निमित्त करून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बदललात. वाचनालयाच्या खुर्च्या फोटोसारख्या, उंचच करायच्या. मी म्हटलं, बायका बसणार, म्हातारी माणसं बसणार, बुटकी आहे तीच बरी.

"जन्मभर मी दुसऱ्याची रेघ जशी होती तशी उतरवली," तुम्ही म्हणालात. "कुणाचं डिझाइन छाटायचं काम मी केलेलं नाही."

"आणि बसणाऱ्याचं काय?"

"बसणाऱ्याने पायाखाली पाट घ्यावा."

"वाचनालयात पाट? जेवायला बसवायचंय का लोकांना?"

"कांता, तुझा जन्म चुकला. सरकारात काळजीचं खातं असतं तर तू तिथे मोठी साहेब झाली असतीस."

मला काळजी वाटायचीच. मला सगळ्याचीच वाटते. गॅस बंद केला का, दोरीची गाठ धरेल का, हे वेळेवर घरी येतील का. पण हे वेगळं होतं. तुमच्या आईचे लोंबकळणारे पाय मला दिसत राहायचे. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, तरी दिसायचे. इथे आल्यावर माझंही तसंच होतं ना. बसायला जागा होती, पण टेकत काही नव्हतं. मला वाटायचं, त्या माउलीने किती विचार करून ते पाय कापले असतील, आणि तुम्ही त्यांची करवत खोटी ठरवायला निघालात. हे मी तुम्हाला असं सरळ कधी बोलले नाही. तुमच्यासमोर शब्द यायचे नाहीत. मी आपलं म्हातारी माणसं, बुटकी माणसं असंच करत राहिले.

नमुन्याची उंच खुर्ची नईमभाईंनी केली आणि मी ती विणली. मन लावून विणली, ते काम भांडणाच्या बाहेर. दिवाळीनंतरच्या एका दुपारी ती तुमच्या अंगणात ठेवली आणि तुम्ही तिच्यात बसलात. तुम्हीसुद्धा आता लहान झाला होतात, ताई. वयाने माणूस आटतं. तुमचे पाय जमिनीपासून वर राहिले, दोन्ही. मी जिंकले होते. पण जिंकल्याचं काही वाटलं नाही. मी आत जाऊन पाट आणला आणि तुमच्या पायांखाली सरकवला.

तुम्ही तो पायानेच बाजूला सारलात.

"राहू दे गं."

"ताई, लोंबकळतायत पाय."

"मग लोंबकळू देत ना."

मला वाटलं, हट्ट. रेघेपायी हट्ट. मी पाट पुन्हा सरकवला, तुम्ही पुन्हा सारलात. मी रागाने कपडे काढायला दोरीकडे वळले. मागून तुम्ही काहीतरी म्हणालात. वाऱ्याने चादर फडफडत होती, मला ऐकू आलं नाही. वळून पाहिलं तर तुम्ही डोळे मिटून बसलेल्या. पाय बारीक हलत होते. मला वाटलं, थरथरतायत. मी शाल आणून त्यांच्यावर टाकली.

मग ताप, मग दवाखाना, मग ते सगळं. त्यात खुर्चीचं बोलणं कुठे काढणार.

तुमची भाची आली. घर आवरताना तिला मी बुटक्या खुर्चीकडे बघताना दिसले असेन. ती म्हणाली, "कांतामावशी, आजीची मी नेते. उंच तुम्ही ठेवा. आत्या म्हणायची, ती कांताची आहे, तिला अजून माहीत नाही एवढंच." मी ती रिक्षात उलटी धरून घरी आणली. पाय आभाळाकडे करून. आनंद नगरपासून सगळा रस्ता लोक बघत होते.

घरात आणली पण बसले नाही. भीती वाटली म्हणा किंवा तुमची जागा म्हणा. तशीच भिंतीला होती. आज करकर ऐकून वर गेले आणि काय वाटलं कुणास ठाऊक, बसले.

माझे पायही टेकले नाहीत, ताई. मी वाट पाहिली, आता ते पडेन की काय वाटायला लागेल म्हणून. तुमच्या आईंसारखं. पाठीला ऊन होतं. समोर टाउनशिपची झाडं, त्यांच्या मागे कारखान्याची लांबच लांब छपरं, आणि सगळं जरा धूसर, पाण्यातून पाहिल्यासारखं. आणि माझे पाय आपोआप हलायला लागले. पुढे, मागे. पुढे, मागे. खाली रस्ता सरकायला लागला. बाजांचा ढीग पाठीशी, सुंभाचा वास, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि वडील पुढून ओरडून विचारतायत, कांते, आहेस ना गं मागे? आहे, आहे. गाडीच्या मागे पाय सोडून बसलेली मी. तेव्हा कुठे टेकायचे माझे पाय? तेव्हा मला कशाचीच काळजी नव्हती.

त्या दुपारी तुमचे पाय थरथरत नव्हते ना, ताई? तुम्ही ते हलवत होतात. मी वर शाल टाकली.

तुम्ही कुठे निघाला होतात तेव्हा, कुणाच्या मागे बसून, ते आता मला कधीच कळणार नाही. चादरीच्या फडफडीत काय म्हणालात तेही. विचारायला हवं होतं. पण तुम्ही गाडीची गोष्ट डोळे मिटून ऐकली होतीत, एवढं माझ्यापाशी आहे.

गच्चीवरूनच नईमभाईंना फोन लावला. नेहमी मी आधी वाक्य जुळवते. आज नाही जुळवलं.

"नईमभाई, पूरे लंबे रखो. सब के सब."

"आपा जीत गईं?"

"सुनो तो. अम्मा ने जहाँ काटे थे ना, उधर हर पैर पे एक लकीर डालो. बारीक. चारों तरफ से."

"लकीर काहे की?"

"जिसको नीची लगे, वो उधर से काट ले. सीधा कटेगा."

पलीकडे रंधा थांबला. मग ते म्हणाले, "आपा होतीं तो लकीर ख़ुद डालतीं." मी म्हटलं, हो. म्हटलं, ताईंच्या फरशीवरच्या कागदाची गुंडाळी मी नेऊन देते, तिच्यावरून बुटक्या खुर्चीचं माप घ्या.

तर असं संपवलंय मी आपलं भांडण, ताई. चुकलं असेल तर या आणि बोला. पुढच्या महिन्यात वाचनालयात खुर्च्या लागतील. कुणी आजी येईल, बसून बघेल आणि म्हणेल, कापा बाई. तिला रेघ दाखवीन. कुणी म्हणेल, राहू दे. तिला पाट मात्र देणार नाही, विचारल्याशिवाय.

माझ्या खुर्चीवरही रेघ घालायची का, असं नईमभाईंनी विचारलं. मी आत्ता नको म्हटलंय. ऊन अजून गच्चीवर आहे. खाली ह्यांचा डबा व्हायचाय, गॅस बंद केलाय की नाही ते आठवत नाही. जाईन थोड्या वेळाने. पाय हलतायत.